‘सुटेल’ म्हणायचं नाही

बसमध्ये, लग्नात किंवा दवाखान्याच्या बाकावर नवी ओळख झाली की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतोच, "रिटायर होण्याआधी तुम्ही काय करायच्या?" मी खरं तेच सांगते. "सोडवायचे." मग ज्याला जे सोडवून हवं असतं ते तो ऐकतो. एका बाईंनी लगेच मुलाला हाक मारली, कारण त्याचं गणित कच्चं होतं. निमाणी स्टँडवर एका काकूंनी मला दंडाला धरून खांबाआड नेलं आणि कुजबुजत विचारलं, "दारू सुटायला साधारण किती दिवस लागतात हो?" एक गृहस्थ तर मला वकीलच समजले आणि बायकोच्या माहेरच्यांचे किस्से सांगत नाशिकरोडपर्यंत माझ्या शेजारी बसून आले. त्यांना खरं म्हणजे वाटेत द्वारका चौकात उतरायचं होतं.

मी यानं सोडवायचे. माणसं घेऊन अंतराळात जाणाऱ्या यानाचे जे भाग एकमेकांना जोडलेले असतात, ते ठरल्या क्षणी सुटे होतात की नाही हे तपासणं, हे माझं काम. इतकं ऐकल्यावर बहुतेकांचा चेहरा पडतो. गणितही गेलं आणि दारूही गेली.

मी शैलजा देवरे. माहेर देवळ्याचं, सासर नाशिकचं, आणि उरलेलं आयुष्य अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात. कारखान्याचं नाव सांगत नाही. मालकांना प्रसिद्धी आवडत नाही आणि मला त्यांचा फोन आवडत नाही. तिथे चाचणी विभाग माझ्याकडे होता आणि मी तो इतक्या आनंदाने सांभाळला की घरचे म्हणायचे, हिला पगार उगाच देतात.

यान म्हणजे एक मोठं गाठोडं असतं. सगळ्यात वर माणसं बसतात ती कुपी. तिच्या खाली दुसरा डबा, त्यात इंधन, बॅटऱ्या, वर लागणारा सगळा संसार. घरी परतायची वेळ झाली की कुपीने त्या डब्याला सोडून द्यायचं. कारण कुपीच्या बुडाला उष्णता झेलणारी ढाल असते आणि ती त्या डब्यामुळे झाकलेली असते. डबा चिकटूनच राहिला तर खाली येताना ढाल पुढे होत नाही, आणि मग आतल्या माणसांचं काही खरं नाही. इतकं सोपं आहे. दोन्ही भागांच्या कडा एकमेकींवर टेकवतात, बाहेरून पोलादी पट्टा आवळतात, पट्ट्याला बोल्ट, बोल्टच्या पोटात चिमूटभर स्फोटक. वेळ आली की बोल्ट तुटतो, पट्टा उघडतो, स्प्रिंगा दोघांना हलकेच ढकलतात आणि अगदी शेवटी दोघांमधल्या तारांचा प्लग निसटतो.

आईला मी एकदा असली स्प्रिंग घरी नेऊन दाखवली होती. तिने ती वरखाली करून पाहिली आणि अहिराणीत विचारलं, "हाई काय शे?" मी समजावलं. तिने स्प्रिंग माझ्या हातात परत ठेवली आणि म्हणाली, "चांगलं जोडेल तोडाले तुले पगार देतंस?" तिच्या दृष्टीने तिची मुलगी वाया गेली होती.

पण गंमत त्यातच आहे. सगळ्या जगात जोडणाऱ्याला मान असतो. सुतार, लोहार, वेल्डर, लग्न जमवणारे, सगळे जोडणारे. आमचा माल मात्र दोन उलटी वचनं एकाच तोंडाने देतो. सुटायची वेळ येईपर्यंत प्राण गेला तरी सुटायचं नाही, आणि वेळ आली की क्षणभरही धरून ठेवायचं नाही. माणसांना हे जमत नाही. मला तर फोन ठेवायलासुद्धा जमत नाही.

त्यात आणखी एक पेच. जो बोल्ट खरोखर यानात बसणार, तो आधी चालवून पाहता येत नाही. काडेपेटीतली काडी पेटते की नाही हे ओढून पाहिलं तर पाहणं झालं आणि काडी संपली. म्हणून त्याच्याच घाणातले भाऊबंद फोडायचे. ते सगळे नीट फुटले की राहिलेल्यावर विश्वास टाकायचा. वर सगळं दुहेरी ठेवायचं. दोन बोल्ट, कुठलाही एक तुटला तरी पट्टा उघडतो. दोन तारा, दोन बॅटऱ्या, हुकूम दोनदा. एकाला ऐकू आलं नाही तर दुसऱ्याला येतं. आमच्या घरी दोन मुलं असूनही कुणालाच ऐकू येत नाही, पण ते वेगळं.

आता जोशींबद्दल सांगायला हवं. जोशी आमचे गुणवत्ता तपासनीस. घराणं पंचवटीतल्या उपाध्यांचं. थोरले भाऊ रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगतात आणि धाकटे आमच्याकडे मायक्रोमीटर घेऊन फिरतात. आवाज दोघांचा सारखाच, म्हणजे खणखणीत. या जोशींनी आमच्या विभागात भविष्यकाळावर बंदी घातली होती. कुणी नुसतं "हा बोल्ट तुटेल" म्हणालं की ते चष्मा वर करून विचारायचे, "कुणी सांगितलं?" या प्रश्नाला उत्तर नसतं. म्हणून आम्ही सगळे भूतकाळात बोलायला शिकलो. बोल्ट तुटेल का? आजवर तुटला आहे. पट्टा उघडेल का? आजवर उघडला आहे. ही सवय पुढे माझ्याबरोबर घरी आली. "येताना भाजी आणशील का?" असं यजमानांनी विचारलं की मी म्हणायचे, "आजवर आणली आहे." बिचारे स्वतःच पिशवी घेऊन बाहेर पडायचे.

आमच्या विभागाची पाटी हाही एक किस्साच. पाट्या मराठीत हव्यात म्हणून ऑफिसातल्या कुणी तरी शब्दकोश उघडला आणि रंगाऱ्याला शब्द दिला. ‘विलगीकरण कक्ष’. शब्द बरोबर होता, आम्ही वस्तू विलगच करत होतो. कोरोना येईपर्यंत त्या पाटीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. नंतर मात्र कुरियरवाला पार्सल फाटकावरून आत फेकून पळायला लागला. चहावाल्याने किटली काठीला अडकवून पुढे केली. एक दिवस एक माणूस डबा घेऊन आला आणि म्हणाला, "आमचे मामा इथे ॲडमिट आहेत, वरण जरा पातळ केलंय, तेवढं सांगा." त्याला खऱ्या केंद्राचा पत्ता दिला आणि आत येऊन आम्ही पोट धरून हसलो. नंतर त्या मामांची काळजीही वाटली. पाटी बदलायचं दर महिन्याला ठरायचं आणि राहून जायचं.

गंमत म्हणजे आमच्या आवाजाला कुणी कधी घाबरलं नाही. चाचणीत बोल्ट तुटला की दणदणीत आवाज होतो. पण हे नाशिक आहे. देवळालीच्या तोफा ऐकत मोठी झालेली माणसं. शेजारच्या कारखान्यातले लोक आवाज ऐकून म्हणायचे, "आज कॅम्पात लवकर सुरू केलंय."

गिऱ्हाइकांची तऱ्हा विचारू नका. खरं गिऱ्हाईक एकच, दक्षिणेकडचे अंतराळवाले. पण एकदा माझ्या माहेरचं नाव सांगत देवळ्याचे एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन थेट फाटकावर आले. "तायी, तुमच्याकडं सुटायचं मशीन भेटतं म्हणे. आमची कांद्याची ट्रॉली ट्रॅक्टरपासून सुटत नाय. पिन अशी अडकती की दोघं भाऊ दोन बाजूंनी शिव्या देतो." मी म्हटलं, आमची मशीनं अंतराळात चालतात. ते म्हणाले, "मंग चांदवडच्या घाटात चालायला काय हरकत हे?" मी ट्रॉलीपाशी गेले. पिन बघितली, वाकली होती. आमच्या फिटरने ती नीट करून दिली आणि बाहेरून घासून गुळगुळीत केली. ते इतके खूश झाले की आम्हाला कांद्याची गोणी ठेवून गेले. अंतराळवाल्यांनी कधी गोणी दिली नाही.

हे पिन घासणारे फिटर म्हणजे आबा गांगुर्डे. चांदवडचे. अंगाने भारदस्त, आवाज मऊ, आणि देवावर अफाट श्रद्धा. जोशींचं आणि त्यांचं वर्षातून एकदा ठरलेलं भांडण व्हायचं, खंडेनवमीला. त्या दिवशी आम्ही सगळ्या यंत्रांची पूजा करायचो. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. आबांना चाचणीच्या मालालाही पूजेचा लाल दोरा, नाडाछडी, बांधायची असायची. जोशींचा ठाम नकार. मालाला हळद नाही, कुंकू नाही, दोरा नाही. उपाध्यांच्या घरातला माणूस दोरा बांधू देत नाही आणि फिटर हट्ट धरून बसलाय, असं हे उफराटं भांडण आम्ही पेढे खात बघायचो.

आणि त्या वर्षी खंडेनवमीलाच पायलटसाहेब आले.

जे दोन-चार जण त्या कुपीत बसण्यासाठी तयार होत होते, त्यांच्यातले ते एक. आपण ज्याच्या भरवशावर बसणार ते कोण बनवतं, हे पाहायला आले होते. दसऱ्यानंतरच्या दिवशी आमची सगळ्यात मोठी चाचणी होती. पुरा सांधा, पट्ट्यापासून प्लगपर्यंत, एकदम सोडायचा. ती पार पडली की सांधा माणसांच्या यानाला मंजूर. नाही तर पुन्हा पहिल्यापासून. त्यासाठी ते थांबणारच होते. वडील तोफखान्यात होते म्हणून लहानपणीची काही वर्षं देवळाली कॅम्पात गेलेली, त्यामुळे मराठी कळायचं आणि बोलताना हिंदीत घसरायचं. दारातच पाटी वाचून म्हणाले, "अरे वा, उडण्याआधी आम्हाला विलगीकरणात ठेवतात, तुम्ही तर आत्ताच ठेवणार काय?" आमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या पाटीचा अंतराळाशी संबंध लावणारा हा पहिला माणूस, आणि तोही संबंध चुकीचाच.

सगळं फिरून पाहिलं, पेढे खाल्ले. आबांनी कपाळाला टिळा लावला आणि त्यांच्या उजव्या मनगटाला नाडाछडी बांधली. जोशी काही बोलले नाहीत. पायलट हा मालात मोडत नव्हता.

निघताना ते माझ्यापाशी थांबले. मघाचा थट्टेचा सूर गेला होता.

"ताई, एकच सवाल. छूटेगा ना? सुटेल ना?"

जोशी माझ्या मागेच उभे होते. मी जे आजवर सगळ्यांना सांगितलं तेच सांगितलं. "आजवर सुटलं आहे, साहेब."

त्यांनी मान हलवली. नीट, नम्रपणे. पण त्या उत्तराने त्यांचं भागलं नव्हतं हे मला दिसलं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला ते उत्तर पुरतं. ज्याला आत बसायचं आहे त्याला कसं पुरणार? त्या दिवशी घरी जाताना मला पहिल्यांदा माझ्या व्याकरणाची लाज वाटली.

चाचणीच्या दिवशी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कुपीचा भाग वर क्रेनला टांगलेला, खालचा भाग पट्ट्याने त्याला जोडलेला. अंतराळात वजन नसतं, म्हणून खालच्या भागाचं वजन कप्पीवरून उलट्या वजनाने तोलून धरलेलं. म्हणजे फक्त स्प्रिंगांनी ढकललं तेवढंच तो सरकणार. उचलताना आणि नेताना काही हलू नये म्हणून जागोजागी खिट्ट्या असतात आणि प्रत्येक खिट्टीला लाल पट्टी लोंबत असते, की चाचणीआधी ही काढा. जोशींनी सगळ्या लाल पट्ट्या स्वतः काढून टेबलावर मांडल्या. मी काचेमागे गेले. पायलटसाहेब माझ्या शेजारी. बटण मीच दाबलं.

दणका झाला. पट्टा उघडला, अगदी सुबक. स्प्रिंगांनी ढकललं. खालचा भाग हळूच दूर सरकायला लागला आणि माझ्या तोंडातून "सुटलं" असं निघणार, एवढ्यात तो थांबला. एका बाजूने थांबला, दुसऱ्या बाजूने सरकत राहिला, आणि शेवटी पूर्ण तिरका होऊन तारांच्या प्लगला लोंबकळायला लागला. शाळेच्या पहिल्या दिवशी पोरगं आईच्या पदराला लोंबकळतं तसा.

समोर पोलादाचे दोन डबे होते, पण मला त्या वरच्या डब्यात शेजारी उभा असलेला माणूस बसलेला दिसत होता, बुडाची ढाल झाकलेली, मागे हे लोढणं.

मी शिडी लावून वर चढले. पुढून प्लग ठीक दिसत होता. मागच्या बाजूने बोटं घातली आणि बोटांना काही तरी मऊ लागलं. अंतराळयानात मऊ असं काही नसतं. बॅटरीचा झोत टाकून पाहिलं, तर प्लगच्या दोन्ही अर्ध्यांच्या मागच्या कड्यांना पाच-सात वेढे घातलेली, पक्की गाठ मारलेली नाडाछडी. लाल. ज्यांनी ज्यांनी ती पाहिली असेल, त्यांनी एखाद्या लाल पट्टीची दोरी समजून सोडून दिली असणार. आणि प्लग निसटतो तेव्हा स्प्रिंगांचा जोर सरत आलेला असतो, म्हणून तेवढ्या सुताने सगळं धरून ठेवलं होतं.

मी वरूनच विचारलं, "आबा?"

आबा खाली क्रेनपाशी उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक. "मीच बांधलं तायी. मागच्या अंगानं बांधलं, जोशीसायबाला दिसू नाय म्हून. एवढं लेकरू वर जाणार, त्याच्या मनगटाला दोरा बांधला, मंग त्याच्या यंत्राला कसा नाय बांधायचा? मला वाटलं लय भक्कम राहील." एवढं बोलून तो एवढा मोठा माणूस डोक्यावरची टोपी तोंडावर धरून रडायला लागला.

मालक एकदा आबांकडे, एकदा अंतराळवाल्यांकडे बघत होते. आणि तेवढ्यात हसण्याचा आवाज आला. पायलटसाहेब. आधी फुसफुस, मग मोकळं, मग गुडघ्यावर हात ठेवून. स्वतःचं मनगट वर करून म्हणाले, "मतलब आबांचा आशीर्वाद तुमच्या स्प्रिंगपेक्षा भारी निघाला!" मग अंतराळवाले हसले, मग मालकांनी हसून घेतलं. मी शिडीवर होते, मला हसताही येईना आणि उतरताही येईना.

जोशी मात्र हसले नाहीत. ते शांतपणे आबांपाशी गेले. आम्हाला वाटलं, झालं, आता आबांचं काही खरं नाही.

"आबा, तुम्ही लग्नात नवऱ्या मुलाला कंकण बांधताना पाहिलंय?"

"व्हय सायेब."

"पुढे त्या कंकणाचं काय करतात?"

"सोडत्यात. एका हातानं. नवरा-नवरी एकमेकांचं सोडत्यात."

"का सोडतात?"

आबांनी टोपी तोंडावरून खाली घेतली.

"कारण सोडल्याशिवाय विधी पुरा होत नाही," जोशी म्हणाले. आवाज अगदी थोरल्या भावाचा, रामकुंडावरचा. "तुम्ही बांधलंत ते चुकलं नाही. अर्धाच विधी केलात, ते चुकलं. देवाच्या दारात असं अर्धवट ठेवून कुणी जातं का?"

मी इतकी वर्षं जोशींना फूटपट्टी समजत होते. आबांना त्या दिवशी जगातल्या कुठल्याही नियमाने समजावता आलं नसतं. दोरा देवाचा होता, त्याला देवाचाच नियम लागणार होता. आबांनी टोपी डोक्यावर चढवली आणि म्हणाले, "हे मंग मला कुणी आधी का नाय सांगितलं?"

सगळा सांधा नव्याने जमवायला बराच काळ गेला. अंतराळवाल्यांनी लांबलचक चौकशी केली आणि चौकशीअंती आमच्या कामाच्या पद्धतीत एक नवी पायरी आली. चाचणीआधी माल पूजावा की नाही यावर ती काही म्हणत नव्हती. ती एवढंच म्हणत होती की मालाला जे काही बांधलं जाईल, ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, पुढच्या बाजूला बांधावं आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सोडावं. कागदावर तिला काही तरी रुक्ष नाव आहे. आम्ही तिला ‘कंकण’ म्हणतो. "कंकण झालं का?" "झालं." मगच काचेमागे.

दुसऱ्या चाचणीला पायलटसाहेब पुन्हा आले. मनगटावर तोच दोरा, लाल रंग उडून गुलाबी झालेला. या वेळी आबांनी प्लगला पुढून, राजरोस नाडाछडी बांधली आणि जोशींनी जाहीर केलं, "सोडायचं साहेबांनी. एका हाताने."

मग जे काही झालं ते चाचणीच्या शेडमध्ये आजवर झालं नव्हतं. आबांनी नवरीकडच्या करवल्यांना लाजवेल अशी गाठ मारली होती. साहेब डाव्या हाताने खटपट करताहेत, डावा हात कारण उजवा त्यांनी पाठीमागे धरलेला, कपाळाला घाम, आणि भोवती आम्ही पन्नाशी-साठीतली माणसं वऱ्हाडासारखी ओरडतोय. "दात लावायचे नाहीत!" "आबा, लांब उभे राहा, खाणाखुणा नकोत!" अंतराळवाल्यांतल्या एका बाईंना मराठी येत नव्हतं, पण त्यांच्याकडेही लग्नात असंच काही असावं, कारण त्या सगळ्यांत जोरात ओरडत होत्या. गाठ सुटली तेव्हा टाळ्या अशा वाजल्या की शेजारचे लोक डोकावले. तोफेला न डोकावणारे लोक टाळ्यांना डोकावले.

जोशींनी दोरा हातात घेतला, पुरा आहे ना ते पाहिलं. "कंकण झालं."

मी बटण दाबलं. दणका. पट्टा उघडला, स्प्रिंगांनी ढकललं, खालचा भाग सरळ, सावकाश सरकत गेला आणि प्लग इतक्या अलगद निसटला की पाहणाऱ्याला वाटावं, दोघं कधी जोडलेले नव्हतेच. मी ओरडले, "सुटलं!" इतक्या मोठ्याने की काचेमागे असूनही आबांनी ऐकलं आणि तिथूनच नमस्कार केला. सांधा मंजूर झाला. मी जोशींशी हात मिळवला, मालकांशी मिळवला, क्रेनवाल्याशी मिळवला आणि चुकून पुन्हा जोशींशी मिळवला.

पुढे मी निवृत्त झाले. पाटी अजून तीच आहे. एक खंत आहे, ती सांगून टाकते. आमचा माल कधी परत येत नाही. दुसऱ्या कुणाला आपली खुर्ची, आपला दरवाजा, आपली सोन्याची माळ कुणाच्या तरी घरी दिसते. आमचं काम उत्तम झालं की ते वर सुटतं आणि जळून जातं, आणि कुपीतल्या माणसाला ते सुटल्याचा एक धक्का तेवढा जाणवतो. पायलटसाहेबांचं उड्डाण अजून व्हायचं आहे. त्यांनी मनगटाचा दोरा मात्र सोडला नाही. दुसऱ्या चाचणीच्या दिवशी आबा तो सोडायला पुढे झाले तर हात मागे घेतला. म्हणाले, "ही वापस आल्यावर. तुम्ही बांधली, तुम्हीच सोडायची. एका हाताने." आबा तेव्हापासून घरी बुटाच्या नाडीवर सराव करताहेत.

त्या दिवशी त्यांना निरोप द्यायला आम्ही फाटकापर्यंत गेलो. गाडीचं दार उघडलं, एक पाय आत ठेवला आणि ते माझ्याकडे पाहून थांबले. पहिल्या भेटीतला तो प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता, पण त्यांनी विचारला नाही. आमचं व्याकरण त्यांना ठाऊक झालं होतं. "चला ताई, येतो," एवढंच म्हणाले.

मला राहवलं नाही.

"साहेब," मी म्हटलं, "सुटेल."

मागून लगेच खणखणीत आवाज आला. चष्मा वर गेला असणार, मला वळून पाहायची गरज नव्हती.

"कुणी सांगितलं?"

"मी सांगते, जोशी," मी म्हटलं. "मी."